वीजबिल चुकलं तर काय करायचं? आणि कंपनीने चुकून जास्त पैसे दिले तर?



या आठवड्याच्या व्हिडिओत वीजबिलावर बोललो, पण कलमं आणि आकडे लिहून दिलेले बरे, म्हणून ही पोस्ट. यात माझी स्वतःची एक चूकही आहे. तीसुद्धा सांगतो.

माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान. बिल महिन्याला सात-साडेसात हजारांच्या आसपास. एका महिन्यात ते थेट ९१,००० आलं. आधी घाम फुटला, मग बिल नीट वाचलं. मागील रीडिंग १२,६४२, चालू रीडिंग १८,०६०. बाहेर जाऊन मीटर बघितला, तर आकडा नुकताच १३,१०० च्या पुढे गेलेला. रीडिंग घेणाऱ्याने ३ चा ८ केला होता. खरा वापर ४१८ युनिट आणि बिल ५,४१८ युनिटचं!

आधी स्वतः हिशोब करा

बिलावर मागील रीडिंग, चालू रीडिंग, गुणक अवयव आणि युनिट असे रकाने असतात. चालूतून मागील वजा करा, गुणक अवयवाने गुणा. मग मीटरचा फोटो काढा. फोटोत मीटर नंबर आणि आकडा दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. जिथे गुणक १ नाही तिथे जास्त लक्ष द्या, कारण गुणक चुकला की दर महिन्याचं बिल चुकतं.

बिल न भरता गप्प बसू नका

इथेच बरेच दुकानदार फसतात. "बिल चुकीचं आहे, मी भरणार नाही" म्हणून बसतात आणि एक दिवस वीज कापली जाते. वीज कायदा २००३ चं कलम ५६ सांगतं की पुरवठा तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. याच कलमात आपल्या उपयोगाची आणखी एक सोय आहे. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरा. वाद मिटेपर्यंत त्या बिलासाठी वीज तोडता येत नाही.

मी सरासरीचे ७,२०० रुपये भरले. सोबत अर्ज दिला: ग्राहक क्रमांक, बिलाचा महिना, दोन्ही रीडिंग, माझा हिशोब, फोटो. अर्जावर पोच घेतली. काउंटरवर कितीही गोड बोलणं झालं तरी पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

अर्ज करून काही झालं नाही तर

महाराष्ट्रात पुढची पायरी म्हणजे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जायला हवं. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. आणि जास्तीचे पैसे तुम्ही आधीच भरून बसला असाल, तर कलम ६२(६) प्रमाणे ते बँक रेटच्या व्याजासह मागा. न मागता व्याज मिळेल या भरवशावर राहू नका.

आता माझी चूक

माझं बिल दुरुस्त होऊन ७,३०० झालं. राहिलेले १०० रुपये भरले, विषय संपला. पण पुढच्या बिलात ८३,७०० रुपये क्रेडिट दिसलं! म्हणजे दुरुस्ती दोनदा झाली होती. खोटं कशाला बोलू, मनात आलं, "त्यांनीच दिलंय, आपण कुठे मागितलं?" दोन महिने बिल शून्य आलं. वाचलेले १४,८०० मी शाळा उघडायच्या सीझनच्या वह्यांमध्ये घातले.

मग सीएंना हिशोब द्यायचा म्हणून वीजखर्चाचं लेजर काढलं आणि अडकलो. ९१,००० तर मी कधी भरलेच नव्हते. जे भरलंच नाही ते परत कसं येईल? तीच वही, तोच हिशोब. माझ्या बाजूने होता तेव्हा मी काउंटरवर दाखवत होतो, आता उलट गेला तर झाकून ठेवणार?

मी पुन्हा अर्ज दिला. या वेळी लिहिलं की मला ८३,७०० जास्त मिळाले आहेत, त्यातले १४,८०० दोन बिलांत वापरले गेले, उरलेलं ६८,९०० चं क्रेडिट उलटवा आणि वापरलेल्या रकमेसाठी दोन हप्ते द्या. हप्ते मिळाले. त्या दोन महिन्यांत गल्ल्यावर ताण आला, कारण पैसे वह्यांमध्ये अडकले होते.

हे पैसे आपले होतात का?

नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७२: चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो. "दोन वर्षं झाली की सुटलो" हाही गैरसमज काढून टाका. अजमेरच्या वीज वितरण कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की चुकीमुळे राहिलेल्या रकमेची मागणी दोन वर्षांनंतरही करता येते, फक्त त्या मागणीसाठी वीज तोडता येत नाही.

म्हणून असं क्रेडिट आलं तर:

१. ते उत्पन्न धरू नका. हिशोबात सस्पेन्स खात्यात, देणं म्हणून ठेवा.
२. चालू बिलाइतकी रक्कम दर महिन्याला बाजूला काढा.
३. लेखी कळवा, पोच घ्या.
४. कंपनीने वसुली काढली तर महिनावार हिशोब मागा आणि तोही तपासा. परत करायचं ते चुकून मिळालेलं, त्याहून एक रुपया जास्त नाही.
५. "रिफंड देतो" किंवा "आज रात्री वीज तोडणार" असा मेसेज आला तर लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका. थेट कार्यालयात जा.

आजचा गृहपाठ: दुकान बंद करताना मीटरचा फोटो काढा आणि शेवटच्या बिलाशी ताडून बघा. फरक कोणाच्याही बाजूने निघो, वहीत लिहून ठेवा.