परागज्वर आणि नाकातील फवारा

पावसाळा सरत आला, की आमच्या इच्छापुरात दोन गोष्टी बरोबरीने सुरू होतात : टेकडीवरील इच्छादेवीच्या नवरात्राची तयारी आणि काही घरांतून शिंकांची माळ. सकाळी उठल्याबरोबर एकामागून एक दहा-पंधरा शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, डोळ्यांस व टाळूस खाज आणि रात्री नाक बंद. ताप नसतो; पण महिना गेला तरी ही सर्दी हटत नाही. आपण दह्याला नाही तर थंड पाण्याला दोष देऊन मोकळे होतो. परंतु जी सर्दी दरवर्षी ऋतू पाहून येते, तिचे मूळ बहुधा हवेतील परागकणांत असते. हाच परागज्वर होय. इंग्रजीत यास ‘हे फीव्हर’, म्हणजे वाळल्या गवताचा ताप म्हणतात. वास्तविक यात तापही नाही आणि वाळल्या गवताचा दोषही नाही.

सन १८१९ मध्ये लंडनचे डॉ. जॉन बोस्टॉक यांनी स्वतःलाच जडलेल्या या दुखण्याचे वर्णन वैद्यांच्या सभेपुढे मांडले. पुढे मँचेस्टरचे डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांनी पतंगास चिकट काचपट्ट्या बांधून हवेतील पराग पकडले, स्वतःवर प्रयोग केले आणि १८७३ साली ग्रंथ लिहून खरे कारण दाखवून दिले. आपल्याकडील गवते, एरंड आणि वसंतात फुलणारा वावळ यांचे परागही बाधतात. त्यांत भर पडली गाजरगवताची. या परदेशी तणाची शास्त्रीय नोंद पुण्याहून १९५६ साली प्रसिद्ध झाली. आज ते सर्वत्र माजलेले दिसते.

परागकण नाकात गेला की काहींचे शरीर त्यास शत्रू समजते. हिस्टामिन आदी द्रव्ये सुटतात, नाकातील अस्तर सुजते व पाझरू लागते. डॉक्टर चिठ्ठीवर फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा बुडेसोनाइड यांपैकी एखादा फवारा लिहून देतात, तो ही सूज उतरविण्यासाठी. ही औषधे स्टेरॉइड वर्गातील आहेत हे ऐकून पुष्कळजण बिचकतात. परंतु फ्लुटिकासोनच्या प्रचलित फवाऱ्यात एका दाबास ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस हजारावा भाग औषध असते आणि त्याचे काम मुख्यतः नाकापुरतेच चालते.

मात्र याचा गुण तात्काळ येत नाही. काहींस एक-दोन दिवसांत बरे वाटू लागते. पूर्ण गुणास एक-दोन आठवडे लागतात आणि तोवर रोज नेमाने घ्यावा लागतो. आम्ही स्वतः येथेच चुकलो. तीन दिवसांत नाक मोकळे झाले नाही म्हणून बाटली कपाटात टाकली आणि दुकानातून नाक मोकळे करणारे थेंब आणले. त्यांनी पाच मिनिटांत नाक उघडले खरे. पण झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांसारखे हे थेंब पाच-सात दिवसांपलीकडे घेतले, तर उतरताच नाक अधिकच बंद होते व माणूस त्यांच्या आहारी जातो. दोन महिने उशाशी बाटली ठेवून झोपल्यावर आम्हांस हा धडा मिळाला. यास्तव आपल्या हातातील बाटली कोणती, हे आधी नीट विचारून घ्यावे.

आता घेण्याची रीत. प्रथम नाक हलकेच शिंकरावे. बाटली हलवावी, नवी असल्यास बारीक तुषार येईपर्यंत हवेत काही दाब मारावेत. मान मागे टाकू नये, किंचित पुढे झुकवावी. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात व डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूस, कानाच्या रोखाने वळते. मधल्या पडद्यावर मारल्यास रक्त येण्याचा संभव असतो. दाबताना श्वास हलकाच घ्यावा. जोराने ओढल्यास औषध घशात उतरते. कपाशीवर फवारणी करणाऱ्यास हे सांगणे नलगे : औषध पानावर पडले तर उपयोग, जमिनीवर सांडले तर खर्च. नंतर लगेच नाक शिंकरू नये, टोक पुसून ठेवावे आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

ज्यांस ऋतू ठाऊक आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन आठवडे आधीच प्रारंभ करावा. काचबिंदू, मोतीबिंदू, क्षय किंवा नाकाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास तसे सांगावे. गर्भवतींनी विचारूनच घ्यावे. मुलांस दीर्घकाळ द्यावयाचा असेल, तर डॉक्टरांनी त्यांच्या उंचीवर लक्ष ठेवणे इष्ट. एकच नाकपुडी सतत बंद राहणे, वारंवार रक्त येणे, छातीत घरघर वा धाप लागणे, यांपैकी काही झाल्यास तपासणीस विलंब लावू नये. परागज्वराबरोबर दमाही पुष्कळदा असतो.

‘सर्दीच तर आहे’ म्हणून आपण हे दुखणे अंगावर काढतो. पण रात्रभर तोंडाने श्वास घेणारे मूल सकाळी शाळेत पेंगते, आणि आपण त्यास आळशी म्हणतो. अशा मुलास बोल लावण्यापूर्वी एकदा त्याचे नाक दाखवून आणावे, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे.