कुलुपांतील शास्त्र

ता. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं आष्टी व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) यांच्या दरम्यान पहिली प्रवासी गाडी सुरू झाली, आणि पुढें २०२५ च्या सप्टेंबरांत हाच लोहमार्ग बीडपर्यंत जाऊन पोंचला. त्यामुळें माल कोणता चढेल, भाडें काय पडेल, कडा येथील पेठेचें आतां काय होईल, ही चर्चा आमच्या व्यापारी मंडळींत सुरू झाली, हें स्वाभाविकच आहे. परंतु ज्या मालाची कोणी मोजदाद करीत नाहीं, अशा एका मालाविषयीं आज दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. तो माल म्हणजे आमच्या तालुक्यांतील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील कांच, रसायनें व उपकरणें, आणि त्यांच्या आधारें घडणारे विद्यार्थी.

प्रथम हें सांगून ठेवितों कीं हा लेख कोण्या एका संस्थेवर बोट ठेवण्यासाठीं लिहिलेला नाहीं. आष्टी व कडा येथें घराजवळ पदवीपर्यंत शिकण्याची सोय झाली, ही मोठीच गोष्ट आहे. पूर्वीं काय स्थिति होती, तें तरुण वाचकांस माहीत नसेल. निजामी राजवटींत मराठवाड्यांतील मुलास उच्च शास्त्रशिक्षण हवें असेल तर हैदराबादची वाट धरावी लागे, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठांत शिकवण्याची भाषा उर्दू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय काढलें तें १९५० सालीं. मराठवाडा विद्यापीठ निघालें तें १९५८ सालीं. म्हणजे ज्या मुलाचा आजा अक्षरशत्रु राहिला, त्याचा नातू आज स्वतःच्या तालुक्यांत रसायनशास्त्राचा पदवीधर होऊं शकतो. हा लाभ कागदावरच राहूं नये, एवढाच आमचा हेतु.

बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठीं हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मायबाप कोयता घेऊन फडावर, आणि मुलगी आजीजवळ राहून बी. एस्सी. चा अभ्यास करीत आहे, अशीं घरें आमच्या तालुक्यांत शोधावीं लागत नाहींत. अशा मुलीला पुस्तक कोठेंही मिळेल. हातांतील दूरध्वनि-यंत्रावर जगांतील उत्तमोत्तम व्याख्यानें ऐकावयास मिळतील. परंतु ब्युरेटची चकती हलक्या हातानें फिरवून शेवटचा थेंब केव्हां थांबवावा, हें तिला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेखेरीज दुसरें कोणीही शिकवूं शकत नाहीं. शहरांतील श्रीमंत मुलास ही उणीव पुढें भरून काढतां येते. हिला ती दुसरी संधि नाहीं. उद्यां एखाद्या औषधांच्या कारखान्यांत मुलाखतीस गेल्यावर तिच्यापुढें पिपेट ठेवला म्हणजे तिच्या तीन वर्षांची किंमत पांच मिनिटांत ठरते.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. उपकरणें नाहींत, ही तक्रार सर्वत्र ऐकूं येते, आणि ती कांहीं अंशीं खरीही आहे. पण कित्येक ठिकाणीं खरा दोष निराळाच असतो. उपकरण असतें, पण तें कपाटांत असतें, कपाटास कुलूप असतें, आणि किल्ली ज्याच्यापाशीं असते तो तें बाहेर काढावयास भितो. भितो तो कां? तर डेड स्टॉक रजिस्टर नांवाच्या मोठ्या वहींत तें उपकरण त्याच्या नांवें लिहिलेलें आहे. तें फुटलें किंवा बिघडलें तर तपासणीच्या वेळीं जाब त्यालाच द्यावा लागणार, आणि निवृत्तीच्या वेळीं ‘येणें बाकी नाहीं’ असा दाखलाही अडकणार. मग शहाणा मनुष्य काय करील? तो सूक्ष्मदर्शक झांकून ठेवील, चाळीस मुलांच्या बॅचेस मिळून एकच वर्णपटमापक लांबून दाखवील, आणि मुलें जर्नलांत मागील वर्षाचे आंकडे सुबक अक्षरांत उतरवून काढतील. वहीचा हिशेब चोख राहिला. शास्त्र मात्र कुलुपांत राहिलें.

आमचे व्यापारी वाचक या वहीस हंसतील. किराणा मालाच्या कोणत्या दुकानांत ‘तूट’ धरीत नाहींत? गुळाची ढेप पाझरते, धान्य सुकतें, कांद्याची चाळ भरली कीं त्यांतील अमुक भाग सडणार हें शेठजी आधींच मनांत धरतात, आणि तेवढें धरूनच भाव काढतात. जो दुकानदार तूट शून्य दाखवितो, त्याचें एक तर दुकान चालत नसावें किंवा वही खोटी असावी. प्रयोगशाळेसही हाच न्याय लागूं आहे. ज्या प्रयोगशाळेंत वर्षभरांत एकही परीक्षानळी फुटली नाहीं, तेथें कोणी काम केलेंच नाहीं! तेव्हां व्यवस्थापक मंडळानें दरवर्षीं कांचसामानाच्या किंमतीचा कांहीं निश्चित हिस्सा ‘वापरांतील तूट’ म्हणून आगाऊच मंजूर करावा, त्या मर्यादेंतील मोडतोड विभागप्रमुखाच्या सहीनें खर्चीं पडावी, आणि त्यापलीकडे गेलें तरच चौकशी व्हावी. यास नवा पैसा लागत नाहीं. एक ठराव पुरतो.

व्यापाऱ्याची दुसरी रीत म्हणजे जुना माल आधीं काढणें. हीही प्रयोगशाळेंत क्वचितच पाळली जाते. अनुदान आलें कीं मार्चअखेर घाईनें खरेदी करावयाची आणि नव्या बाटल्या जुन्यांच्या पुढें मांडावयाच्या, असा परिपाठ पडला आहे. मग मागच्या रांगेंत फेरस सल्फेटाचे हिरवे स्फटिक तांबूस होऊन बसतात, कॉस्टिक सोडा हवेंतील ओल व कर्बवायु शोषून दगडासारखा होतो, आणि ईथराच्या अर्धवट रिकाम्या जुन्या बाटलींत स्फोटक पेरॉक्साइडें तयार होतात. पहिल्या दोहोंनीं उत्तर चुकतें, तिसऱ्यानें हात जातो. प्रत्येक बाटलीवर आल्याची व उघडल्याची तारीख घालावी, एवढेंच काम आहे. फडताळांत बाटल्या इंग्रजी वर्णक्रमानें लावण्याची चाल तर सोडलीच पाहिजे, कारण तीमुळें भडकणारा ॲसिटोन आणि जाळास जोर देणारें अमोनियम नायट्रेट हीं शेजारीं शेजारीं येतात. रॉकेलचा डबा साखरेच्या पोत्यास टेकून ठेवूं नये, हें दुकानांतील पोऱ्यासही कळतें.

परंतु आष्टीच्या संबंधांत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पाण्याची. हा तालुका पर्जन्यछायेंतला. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तें सर्वांच्या स्मरणांत असेलच. अशा मुलखांत ऊर्ध्वपातित पाणी कसें तयार होतें तें पाहा. एक किलो वाफेचें पाणी होतांना सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते, आणि ती वाहून नेण्यास शीतकांतून थंड पाणी सोडावें लागतें. तें पाणी तीस अंशांनीं तापूं दिलें, तरी एक लिटर शुद्ध पाण्यामागें अठरा लिटर पाणी मोरींत जातें. नळ मोठा सोडण्याची संवय असली तर याच्या दुप्पटही जाईल. दिवसास दहा लिटर शुद्ध पाणी लागत असेल, तर १८० लिटर गटारांत! एवढ्या पाण्यासाठीं आमच्या खेड्यांतील बायांस उन्हाळ्यांत किती खेपा घालाव्या लागतात, याचा हिशेब वाचकांनींच करावा. (या शीतकास लीबिगचें नांव मिळालें असलें तरी त्यानें तो शोधून काढला नव्हता, प्रचारांत मात्र आणला. जर्मनींतील गीसेन या लहानशा गांवीं १८२४ पासून विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या हातून प्रयोग करवून घेण्याचा परिपाठ घालणारा तोच हा लीबिग. थोर प्रयोगशाळा राजधानींतच निघते असें नाहीं.)

उपाय साधे आहेत. शीतकांतून निघालेलें पाणी मोरींत न सोडतां टांकींत घ्यावें. तें स्वच्छच असतें, फक्त कोमट असतें. रात्रींतून निवलें कीं दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच फिरवावें, किंवा कांचसामानाच्या पहिल्या धुण्यास वापरावें. गाळणीसाठीं पाण्याच्या जोरदार धारेनें हवा ओढणारे जे पंप कांहीं ठिकाणीं अद्याप चालतात, ते बंद करून हातपंप किंवा विजेचा लहान पंप बसवावा. आणि आकाशांतून जें पडतें त्यास तर कोणाची परवानगी लागत नाहीं. शंभर चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे हजार लिटर पाणी होतें. पहिल्या एकदोन सरींनीं धूळ धुऊन जाऊं द्यावी. त्यानंतरचें पाणी आपल्या विहिरींच्या जड पाण्यापेक्षां कितीतरी मऊ असतें, आणि क्षार काढणाऱ्या यंत्रांतून तें घातलें तर त्या यंत्रांतील रेझीनही फार दिवस टिकतें.

पाण्याबरोबरच रसायनांचीही बचत होऊं शकते, तीही शिक्षणास बाध न येतां. अनुमापनाचा प्रयोग पन्नास मिलिलिटरच्या ब्युरेटीनें व पंचवीसच्या पिपेटीनें करावा, हा जुना शिरस्ता. तीन वेळां वाचन घेतलें तर एका विद्यार्थ्यास दोन्ही द्रावणें मिळून दीडशें मिलिलिटर लागतात, म्हणजे चाळीस जणांस सहा लिटर. हाच प्रयोग दहाच्या ब्युरेटीनें व पांचच्या पिपेटीनें केला तर सव्वा लिटरांत आटोपतो. अचूकता कमी होईल अशी शंका काढतील, त्यांस उत्तर असें कीं हजारांत दोनची चूक फार तर हजारांत चारवर जाईल, आणि नवशिक्याच्या हाताची चूक याहून मोठीच असते. मूलकांच्या गुणात्मक परीक्षेंतही थेंबांवर काम भागवणारी पद्धति आहे. किपच्या उपकरणांतून हायड्रोजन सल्फाइड सोडून सारी इमारत कुजक्या अंड्यांच्या वासानें भरून टाकण्याचें आतां कारण नाहीं. शिवाय हा वायु फार झाला कीं नाकास वासच येईनासा होतो, आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो. उरलेलें डायक्रोमेट मोरींत न ओततां निराळ्या बरणींत जमवावें, आम्लांत फेरस सल्फेट घालून त्याचें क्षपण करावें, व चुन्यानें सांका खालीं बसवावा. तेवढ्यासाठीं एक तास खर्च केला तर तोही एक प्रयोगच होतो.

सुरक्षिततेविषयीं फार लिहीत नाहीं. २९ डिसेंबर २००९ रोजीं ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेंत आग लागून दोन तरुण संशोधक प्राणास मुकले. एवढ्या सुसज्ज ठिकाणीं जें घडलें, तें आमच्याकडे घडणार नाहीं असें मानण्यास आधार नाहीं. डोळ्यांवर चष्मा, हाताशीं वाळूची बादली व अग्निशामक नळकांडें, डोळे धुण्यास वाहतें पाणी, आणि आंतून सहज उघडणारें दुसरें दार, हीं नसतील तर त्या दिवशीं प्रयोग बंद ठेवावा. मूल्यमापन समिती यावयाची म्हणून पडदे नवे होतात, भिंती रंगतात, उपकरणांवर चिठ्ठ्या लागतात. त्या धांदलींत हें दुसरें दार मोडक्या बाकांनीं अडलेलें असतें.

या सर्व व्यवस्थेचा कणा म्हणजे प्रयोगशाळा सहायक व परिचर. प्राध्यापक व्याख्यान देऊन जातो. द्रावण करणारा, बाटली भरणारा, कोणत्या मुलाचा हात थरथरतो हें ओळखणारा मनुष्य हाच. त्याची जागा रिकामी झाली कीं वर्षानुवर्षें भरली जात नाहीं, आणि भरली तरी तात्पुरत्या वेतनावर, कसलेंही शिक्षण न देतां. ज्या मनुष्यास पाण्यांत आम्ल घालावयाचें कीं आम्लांत पाणी, हें कोणी समजावून सांगितलेलें नाहीं, त्याच्या हातीं सल्फ्युरिक आम्लाची बाटली देणें हा गुन्हाच म्हटला पाहिजे. दर जूनमध्यें, वर्ग सुरू होण्यापूर्वीं, एक आठवडा त्यांच्या शिक्षणास द्यावा, आणि साठ्याची वही त्यांच्याच देखत तपासावी.

आतां आमच्या धनिक वाचकांस एक विनंति. महाविद्यालयास देणगी देतांना कमान, सभागृह, संगमरवरी पाटी यांकडे मन ओढतें, हें आम्ही जाणतों. परंतु कमानीवर एकदां खर्च झाला कीं संपलें; प्रयोगशाळेस दरवर्षीं नव्यानें खावयास लागतें. सबब देणगी इमारतीस न देतां ठेव म्हणून बँकेंत ठेवावी, तिच्या व्याजांतूनच रसायनें व कांचसामान घ्यावें, आणि वर्षाचा जमाखर्च विभागाच्या दारावर लावावा अशी अट घालावी. पाटी हवीच असेल तर तीही तेथेंच लावावी. विद्यार्थी रोज वाचतील.

या ठेवीच्या मोबदल्यांत कांहीं मिळावें, ही व्यापारी बुद्धीही आम्ही वाईट मानीत नाहीं. आमच्याकडे दुधाचा धंदा मोठा. दुधांतील स्निग्धांश काढण्याची गर्बरची रीत बी. एस्सी. च्या कोणत्याही विद्यार्थ्यास जमण्याजोगी आहे: दहा मिलिलिटर गंधकाम्ल, पावणेअकरा मिलिलिटर दूध, एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, आणि गरगर फिरवणारें यंत्र. विहिरीच्या पाण्याचा जडपणा तर एका तासांत निघतो. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत तो लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा झराच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. अशा परीक्षेस सरकारी दाखल्याची किंमत येणार नाहीं, आणि तसा दावाही कोणी करूं नये. पण गवळ्यास आपल्या दुधाचा व शेतकऱ्यास आपल्या विहिरीचा अंदाज कळेल, आणि विद्यार्थ्यांस पूर्वीं कोणीही न लिहिलेला आंकडा जर्नलांत लिहावा लागेल. तो मागील वर्षाच्या वहींतून उतरवून घेतां येणार नाहीं. आठवड्यांतून एक दिवस, बाजाराचाच दिवस, दुपारीं दोन ते चार, प्रयोगशाळेचें दार याकरितां उघडें ठेवावें. नमुने आणावयाच्या बाटल्या स्वच्छ धुतलेल्या असाव्यात, व त्यांवर गांव, विहिरीची खूण आणि तारीख लिहिलेली असावी.