हवेतला ब्रेक

सुट्टीत आलेला माझा भाचा टीव्हीवर सुपरक्रॉसची शर्यत पाहत होता. संथ गतीने एक उडी पुन्हा दाखवली तेव्हा त्याने मला हाक मारली. "मामा, मागचं चाक बघ. हवेतच थांबलं! गाडी जमिनीवर नाही, मग याने ब्रेक कशाला दाबला?" मी सवयीने म्हणालो, "वेग कमी करायला." म्हणता म्हणताच चूक लक्षात आली. जमिनीला न टेकलेले चाक थांबवून गाडीचा वेग कमी होईल कसा?

खडबडीत माळावर, चिखलात, टेकड्यांवरून मोटारसायकली पळवण्याची ही शर्यत म्हणजे मोटोक्रॉस. तिचा उगम १९२४ साली इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे झालेल्या शर्यतीत मानतात. १९७२ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कोलिझियम या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये माती आणून टाकली गेली, उंचवटे रचले गेले आणि रात्रीच्या दिव्यांत शर्यत झाली. ती जिंकणारा मार्टी ट्राइप्स तेव्हा अवघा १६ वर्षांचा होता. यातूनच सुपरक्रॉस उभे राहिले. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातही अशी शर्यत झाली. माळावरचे चढउतार बव्हंशी निसर्गाने दिलेले असतात. स्टेडियममध्ये मात्र जागा थोडी, म्हणून उंचवटे जवळजवळ आणि उभ्या चढाचे. स्वाराचा बराच वेळ हवेत जातो.

हवेत गेलेल्या गाडीवर, हवेचा विरोध सोडला तर, एकच बल असते, गुरुत्वाकर्षणाचे. ते वस्तुमानमध्यातून जाते, त्यामुळे गाडीला फिरवू शकत नाही. म्हणजे गाडी, स्वार आणि चाके मिळून जो कोनीय संवेग आहे तो कायम राहतो. मात्र त्याची आपसात वाटणी बदलता येते. चाक वेगाने पुढच्या दिशेने फिरत आहे. ब्रेक दाबला की त्याचा कोनीय संवेग गाडीच्या सांगाड्याकडे जातो आणि सांगाडा त्याच दिशेने फिरू लागतो. गाडीचे नाक खाली येते. उलट, ॲक्सिलरेटर पिळला तर चाक अधिक जोराने फिरते आणि नाक वर उचलले जाते. माझ्या ढोबळ हिशेबाने, चाक पूर्ण थांबवले तर अर्ध्या सेकंदात गाडी वीस-पंचवीस अंश कलू शकते. ब्रेक दाबताना स्वार क्लचही दाबून धरतो. विसरला तर चाकाबरोबर इंजिनही बंद पडायचे!

वर्गात हे दाखवायला फिरते स्टूल आणि सायकलचे सुटे चाक पुरते. विद्यार्थ्याला स्टुलावर स्थिर बसवा, पाय जमिनीवरून उचलायला सांगा. दुसऱ्याने चाक जोरात फिरवून, आस उभी ठेवून, त्याच्या हाती द्यावे. आता त्याने टायरवर तळवा टेकवून चाक थांबवावे. स्टूल चाकाच्याच दिशेने फिरेल. (बोटे आऱ्यांपासून दूर ठेवायला आधीच बजावा.)

पण नाक खाली आणायची एवढी गरज काय? ती कळायला थोडे गणित करू. समजा, गाडी सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने, ४० अंशांच्या कोनात सुटली. ती सुमारे २ सेकंद हवेत राहील, जवळजवळ ४.७ मीटर उंच जाईल आणि सुटली त्याच पातळीवर २२-२३ मीटर अंतरावर उतरेल. सपाट जमिनीवर उतरली तर ४.७ मीटरवरून सरळ खाली पडल्याएवढा तडाखा बसेल. गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर साधारण ३० सेंटिमीटर दबतात. एवढ्यात तो वेग जिरवायचा तर सरासरी प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या सोळापट होतो. शॉक ॲब्सॉर्बर टेकले की उरलेला भार घोटे, गुडघे आणि पाठीचा कणा यांच्यावर येतो.

आता तीच गाडी ३० अंशांच्या उतारावर उतरू द्या. ती ४० अंशांनी खाली येत आहे, उतार ३० अंशांचा आहे, दोन्हींत फरक फक्त १० अंशांचा. उताराला लंब असा वेगाचा घटक सेकंदाला २.६ मीटर एवढाच उरतो. हा तडाखा ३५ सेंटिमीटरवरून पडल्याएवढा, म्हणजे पायरी-दोन पायऱ्या उतरल्यासारखा! पण त्यासाठी गाडी उताराला समांतर हवी. ब्रेक कामी येतो तो इथे.

उतारच चुकला तर मात्र ब्रेक निरुपयोगी. उडी थोडी आखूड पडली की गाडी पुढच्या उंचवट्याच्या चढावर आदळते. तिथे जवळजवळ सगळाच वेग पृष्ठभागाला लंब असतो. लांब पडली तर सपाट जमीन. या खेळातल्या कित्येक गंभीर दुखापती अशा मीटर-दोन मीटरच्या चुकीने झाल्या आहेत.

भाच्याचा पुढचा प्रश्न होता, "जास्त उंच जाणारा जिंकतो ना?" नाही. चाक जमिनीवर असेल तरच इंजिन गाडीला पुढे ढकलू शकते, हवेतला वेळ वायाच जातो. जेम्स स्टुअर्ट या अमेरिकन स्वाराने २००० नंतरच्या दशकात यावर एक युक्ती रूढ केली. चढाच्या माथ्यावरून सुटता सुटताच तो गाडी एका बाजूला जवळजवळ आडवी पाडायचा, त्यामुळे ती कमी उंच जायची, आणि उतरण्यापूर्वी पुन्हा सरळ करायचा. ही युक्ती आज त्याच्याच टोपणनावाने, 'बब्बा स्क्रब' म्हणून ओळखली जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, हा आता पडणार.