आजोबांची मोडी वही

श्राद्धाच्या वेळीं कर्ता पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पुरुषांचा नामगोत्रासह उच्चार करितो. पहिल्यास वसुरूप, दुसऱ्यास रुद्ररूप व तिसऱ्यास आदित्यरूप मानण्याची शास्त्राज्ञा आहे. नवा पुरुष पितरांत गेला कीं सपिंडीकरणानें त्यास ह्या पंक्तींत स्थान मिळतें, आणि सर्वांत वरचा पुरुष पिंडभागी न राहतां लेपभागी होतो. आमच्या आजोबांचें नांव आज आम्ही घेतों. पुढें आमचे चिरंजीव घेतील. परंतु आमच्या नातवाच्या श्राद्धांत तें असणार नाहीं. ही मर्यादा शास्त्रानें विचारपूर्वकच घातली आहे. तथापि नांव सुटलें म्हणून माणसाची ओळखही घरांतून सुटावी काय, हा प्रश्न आम्हांस वाचकांपुढें ठेवावासा वाटतो.

आमचे आजोबा 1974 सालीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं निवर्तले. पेशा शाळामास्तराचा. दिवेलागणीनंतर आम्हां नातवंडांस ओळीनें बसवून ते परवचा म्हणवून घेत. पावकी-निमकी चुकली तर पानावर बसूं देत नसत, आणि मग चुकलेल्या मुलास स्वतःच जवळ घेऊन भरवीत. त्यांची काटकसर मात्र घरांत सर्वांस जाचे. आलेलीं पाकिटें उलटवून ते त्यांवर हिशेब लिहीत. आजीनें नव्या लुगड्याचा विषय काढिला म्हणजे "पुढल्या वर्षीं पाहूं" हें उत्तर ठरलेलें. दर शनिवारीं एक बाहेरचा विद्यार्थी आमच्या पंक्तीस असे, व तो आल्यावांचून आजोबा पाटावर बसत नसत. ह्याचें कारण कोणी विचारिलें नाहीं आणि त्यांनीं सांगितलें नाहीं.

त्यांच्या मागें एक पेटी राहिली. तींत रुमालांत बांधलेल्या कांहीं वह्या होत्या, सर्व मोडींत. आडवी रेघ ओढून तीखालीं हात न उचलतां लिहिलेलें तें वळणदार अक्षर आमच्या वडिलांस वाचतां येई, परंतु त्यांनीं पेटीस कधीं हात लाविला नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शाळांतून मोडीचें शिक्षण बंद झालें, आणि आजोबांचें अक्षर नातवंडांस परकें झालें. वडील गेल्यावर, घर बदलण्याच्या वेळीं, हे कागद रद्दींत घालावे असा सूर निघाला. आमच्या धाकट्या सूनबाईनें तो चालूं दिला नाहीं. तिनें वर्गास जाऊन मोडी शिकून घेतली आणि एका रविवारीं पहिली वही सर्वांसमक्ष वाचली.

आजोबा विद्यार्थिदशेंत पुण्यास वार लावून जेवत असत. वहीच्या पहिल्या पानावर सातही वार लिहिले होते. सहा वारांपुढें सहा घरांचीं नांवें. शनिवारापुढें मात्र "उपास" एवढाच शब्द. पुढील पानांवर आमच्या घरीं शनिवारीं जेवलेल्या मुलांच्या नोंदी होत्या, आणि ज्या मुलांची फी त्यांनीं कोणास न कळवितां भरली त्यांच्याही. तीं नांवें येथें देणें उचित नव्हे. संख्या तेवीस होती. वाचन संपल्यावर नव्वदी गांठलेल्या आमच्या आत्याबाई एवढेंच म्हणाल्या, "आईचीं लुगडीं इथें गेलीं होय!" आजीस हें ठाऊक होतें कीं नव्हतें, हें आतां कोणास विचारावें?

शतपथब्राह्मणांत देव, ऋषि, पितर यांच्या ऋणांबरोबर चौथें मनुष्यऋणही सांगितलें आहे. मनुष्यांस आश्रय व अन्न देऊन तें फिटतें, असें तेथें म्हटलें आहे. आम्ही तो भाग शाळेंत अनेक वर्षें मुलांस समजावून दिला. त्याचा अर्थ घरच्या पेटींत लिहिलेला होता.

इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून घराघरांतील असेच रुमाल सोडवीत. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड त्यांनीं 1898 सालीं प्रसिद्ध केला, आणि 1910 सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. परंतु मास्तराच्या जेवणाच्या वहीकरितां कोणी संशोधक येणार नाहीं. ती घरच्यांनींच वाचावयाची. 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पाणी शिरलें. तें जेथें शिरलें तेथें कागद कसे टिकावे? आतां तर पुराचीही गरज नाहीं. घर बदललें तरी पुरे.

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, घरांत मोडी कागद असतील ते जाणत्याकडून वाचून घ्यावे आणि त्यांचें बालबोध लिप्यंतर करून ठेवावें. कागद नसतील तर घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस, आजोबांस आणि आजींसही, आजच विचारून लिहून घ्यावें. आमच्या घरीं पितृपंधरवड्यांत श्राद्धाचें जेवण झालें कीं मुलें त्या वहीचें एक पान वाचतात. आणि शनिवारच्या पंक्तीचें एक पान आम्ही पुन्हा मांडूं लागलों आहों.