जहाज बांधणाऱ्यांचा लाल क्लब

स्प्लिट म्हटलं की फुटबॉलवाल्यांच्या तोंडी आधी ‘हायदूक’ येतं. भारतीय संघाला 2019 ते 2024 या काळात शिकवणारे इगोर श्तिमाच याच हायदूकचे जुने खेळाडू. पण क्रोएशियाच्या या बंदराच्या शहरात आणखी एक क्लब आहे: आरएनके स्प्लिट. पूर्ण नाव रादनिच्की नोगोमेत्नी क्लब, म्हणजे कामगारांचा फुटबॉल क्लब. आज तो खालच्या लीगमध्ये खेळतो. ट्रॉफ्यांचं कपाट म्हणाल तर मोठं नाही, पण किस्से? एकेका किश्श्यावर सिनेमा निघेल!

जन्मतारखेपासूनच सुरुवात करू

हायदूकची कल्पना निघाली 1911 मध्ये, प्रागमधल्या ‘उ फ्लेकू’ या जुन्या बिअर हॉलमध्ये. तिथे शिकणाऱ्या स्प्लिटच्या पोरांनी ती काढली. पुढच्याच वर्षी स्प्लिटच्या जहाजबांधणी कामगारांनी ठरवलं, आपलाही क्लब हवा. तारीख 16 एप्रिल 1912. टायटॅनिक बुडालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, एड्रियाटिकच्या काठावर जहाजं बांधणारी माणसं फुटबॉल क्लब काढत होती!

आणि नाव काय ठेवलं?

‘अनार्ह’. थेट अराजकवाद्यांचं नाव. हे किती धाडसाचं होतं ते कळायला एक संदर्भ हवा. त्या वेळी स्प्लिट ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं आणि गादीवर सम्राट फ्रान्झ योसेफ. त्यांच्या पत्नीचा, सम्राज्ञी एलिझाबेथ यांचा, 1898 मध्ये जिनिव्हात खून झाला होता आणि मारेकरी होता एक अराजकवादी. त्या घटनेला जेमतेम 14 वर्षं झालेली. अशा वेळी त्याच सम्राटाच्या राज्यात कामगारांनी आपल्या क्लबाला हे नाव दिलं. त्यांच्या छातीला सलाम करावा तेवढा थोडा. पुढे राज्यं बदलली तशी क्लबाची नावंही बदलली आणि शेवटी शहराचंच नाव त्याला चिकटलं. रंग मात्र लालच.

फुटबॉलचे बूट सोडून बंदुका

यानंतरचा भाग चटपटीत नाही, पण तो सोडला तर हा क्लब कळणारच नाही. 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली आणि जनरल फ्रँको रिपब्लिकविरुद्ध उठला. युरोपभरातून कामगार रिपब्लिकच्या बाजूने लढायला निघाले. आरएनके स्प्लिटच्या माणसांनीही तिकडे जायची धडपड केली. विचार करा, खेळाडू आणि कार्यकर्ते सामन्याच्या दौऱ्यासाठी नाही, तर परक्या देशातल्या लढाईसाठी सामान बांधताहेत!

मग 1941. मुसोलिनीच्या सैन्याने स्प्लिट घेतलं. ऑगस्टमध्ये शहरातल्या तरुणांनी पहिली पार्तिझान (गनिमी) तुकडी उभारली, तीत या क्लबाची बरीच मंडळी होती. तुकडी डोंगराकडे निघाली आणि काही दिवसांतच सिनजवळ गाठली गेली. पकडलेल्यांना 26 ऑगस्टला रुदुशा इथे गोळ्या घातल्या. युद्ध संपेपर्यंत क्लबाने शंभराहून जास्त सदस्य गमावले. एका फुटबॉल क्लबाने! सामने हरल्या-जिंकल्याच्या नोंदी सगळेच ठेवतात. या क्लबाच्या इतिहासात हुतात्म्यांची यादी त्यांच्याही आधी येते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

(हायदूकही काही मागे नव्हता. इटलीच्या लीगमध्ये खेळायला त्याने साफ नकार दिला आणि 1944 मध्ये व्हिस बेटावर तो पार्तिझानांचा संघ म्हणून पुन्हा उभा राहिला. या शहराचं पाणीच तसं.)

मोठ्या भावाच्या सावलीत

युद्धानंतर युगोस्लाव्हियात आरएनकेने पहिल्या लीगपर्यंतही मजल मारली. 1950च्या दशकाची अखेर आणि 1960च्या दशकाची सुरुवात, या दिवसांत तो रेड स्टार, पार्तिझान आणि डिनामो झाग्रेबसारख्या क्लबांशी भिडला. टिकला मात्र नाही. त्याचं मैदान ‘पार्क म्लादेझी’, म्हणजे युवकांचं उद्यान. 1979 मध्ये स्प्लिटमध्ये भूमध्य क्रीडास्पर्धा भरली, तेव्हा हायदूकला पोल्युदचं ते शिंपल्यासारखं देखणं नवं स्टेडियम मिळालं. आरएनके राहिला आपल्या छोट्या मैदानावर. पोल्युदमध्ये हायदूकचे चाहते, ‘तोर्त्सिदा’वाले, हजारोंनी गर्जायचे, इकडे ओळखीपाळखीचे लोक जमायचे.

तीन वर्षांत तीन जिने

आता खरी धमाल. 2007-08 मध्ये हा क्लब चौथ्या पातळीवर, जिल्ह्याच्या लीगमध्ये होता. तिथून वर चढला. पुढच्या हंगामात तिसऱ्या पातळीवरून वर. त्याच्या पुढच्या हंगामात दुसऱ्या पातळीवरून वर. 2010 मध्ये तो थेट क्रोएशियाच्या पहिल्या लीगच्या दारात उभा! पाठीशी पैसा होता हे खरंच, पण नुसत्या पैशाने सलग तीन वर्षं पहिला नंबर येत नाही.

आणि पहिल्या लीगमधल्या पहिल्याच हंगामात, 16 संघांमध्ये त्याचा नंबर कितवा? तिसरा. वर फक्त डिनामो आणि हायदूक. म्हणजे त्या वर्षी देशातला दुसरा आणि तिसरा संघ एकाच शहरातला होता.

टेम्सकाठी स्प्लिटचे कामगार

तिसऱ्या नंबराचं बक्षीस म्हणजे युरोपा लीगची पात्रता फेरी. 2011 च्या उन्हाळ्यात आधी स्लोव्हेनियाच्या डोमझालेला घरी पाठवलं आणि मग समोर आला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला फुलहॅम. आदल्याच वर्षी, 2010 मध्ये, हा फुलहॅम युरोपा लीगच्या फायनलपर्यंत गेला होता. स्प्लिटमधला सामना सुटला 0-0! तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळणाऱ्या क्लबाने फुलहॅमला गोलच करू दिला नाही. परतीचा सामना लंडनला, टेम्सकाठच्या क्रेव्हन कॉटेजवर, जिथे मैदानाच्या कोपऱ्यात खरंच एक जुनी विटांची कॉटेज आहे. तिथे 0-2 ने हार झाली आणि स्वप्न थांबलं.

थांबलं ते तेवढ्यापुरतंच. 2014 मध्ये पुन्हा तीच स्पर्धा. या वेळी आर्मेनियाचा मिका, इस्रायलचा हापोएल बेरशेवा आणि युक्रेनचा चोर्नोमोरेत्स ओडेसा असे एकामागोमाग एक गारद केले. गटफेरीपासून फक्त एक फेरी दूर असताना समोर आला इटलीचा टोरिनो. स्प्लिटमध्ये पुन्हा 0-0. टोरिनोच्या मैदानावर एकाच गोलने हार. दोनदा युरोपच्या दारात, आणि दोन्हीदा पाहुण्यांना घरी गोल न करू दिलेला! मला या दोन शून्यांचं कौतुक जिंकण्याइतकंच वाटतं.

120 मिनिटं, एकही गोल नाही

त्याच हंगामात, मे 2015 मध्ये, क्रोएशियन कपची फायनल झाग्रेबच्या माक्सिमिर स्टेडियमवर झाली. समोर डिनामो, तेही त्यांच्याच मैदानावर. त्या वर्षीच्या लीगमध्ये डिनामो एकही सामना हरला नव्हता. 90 मिनिटं 0-0, जादा वेळेनंतरही 0-0. अखेर पेनल्टी शूटआउटमध्ये डिनामोने 4-2 ने कप नेला. क्लबाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी संधी बारा यार्डांवरून निसटली.

त्यानंतरची घसरण तितकीच वेगवान. 2017 मध्ये पहिल्या लीगमधून खाली आणि पैशांच्या अडचणींमुळे दुसऱ्या पातळीवरही जागा मिळाली नाही. क्रोएशियात मैदानावर गुण मिळवून भागत नाही, लीगमध्ये खेळायला दरवर्षी परवाना लागतो आणि त्यासाठी हिशेब चोख दाखवावे लागतात. जिना जितक्या झपाट्याने चढला, तितक्याच झपाट्याने उतरावा लागला.

आणि एक पोरगा

2011 मध्ये इमोत्स्कीकडचा एक दांडगट पोरगा आरएनकेत आला. नाव आंते रेबिच. 2013 मध्ये इटलीच्या फिओरेंतिनाने त्याला उचललं. 2018 च्या मे महिन्यात आइनट्राख्ट फ्रँकफुर्टकडून खेळताना त्याने जर्मन कपच्या फायनलमध्ये बायर्न म्युनिकवर दोन गोल ठोकले. महिनाभरात विश्वचषक सुरू झाला. निझ्नी नोव्हगोरोदला समोर मेस्सीचा अर्जेंटिना. गोलरक्षक काबायेरोने चेंडू टोलवताना गडबड केली, चेंडू हवेत उडाला आणि रेबिचने तो खाली पडूही न देता तसाच जाळ्यात धाडला. क्रोएशिया 3-0 ने जिंकला आणि पुढे थेट फायनलला पोहोचला. फायनलच्या पहिल्या अकरातही तो होता, पार्क म्लादेझीवर घडलेला आंते रेबिच.