प्रवेशपत्र आणि शेवटचे वर्ष

अमेरिकेतील कॉलेजाचे प्रवेशपत्र आले की घरात पेढे वाटले जातात. गंगेत घोडे न्हाले असे मुलाला वाटते, तसेच आईबापांनाही. पण ते पत्र म्हणजे पक्की सनद नव्हे; ती सशर्त कबुली असते. आपल्याकडे पुष्कळांच्या हे ध्यानात येत नाही, म्हणून त्याचा थोडा खुलासा आम्ही येथे करीत आहोत.

तिकडे अर्ज बहुधा जानेवारीच्या आरंभापर्यंत जातात, निकाल मार्चअखेर कळतात, आणि कोणते कॉलेज पत्करले हे विद्यार्थ्याने सामान्यतः १ मेपर्यंत कळवायचे असते. म्हणजे कॉलेज निवड करते तेव्हा बाराव्या इयत्तेचे दुसरे सत्र पुरे झालेलेच नसते. तेवढे सत्र कॉलेज विश्वासावर सोडते. मात्र उन्हाळ्यात शाळेकडून शेवटचे गुणपत्रक मागवून तो विश्वास ते पडताळूनही पाहते.

'ए'च्या जागी एखादा 'बी' आला तर सहसा कोणी हरकत घेत नाही. परंतु सर्वच विषयांत घसरण झाली, एखाद्यात 'डी' किंवा 'एफ' मिळाला, अथवा अर्जात लिहिलेला कठीण विषय परस्पर सोडून दिला, तर प्रश्न निर्माण होतो. काही वेळा कॉलेज खुलासा मागते, काही वेळा पहिल्या सत्रापुरती ताकीद देऊन घेते. आणि क्वचित प्रवेश रद्दही करते. खरी मेख येथेच आहे. हे पत्र येते जून-जुलैत. १ मे केव्हाच उलटलेला असतो. दुसऱ्या कॉलेजांना मुलाने स्वतःच्या हाताने नकार कळविलेला असतो. एक दार बंद झाले की बाकीची आधीच लावलेली असतात.

हा न्याय केवळ परदेशातला आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या आयआयटीत शिरण्यास प्रवेशपरीक्षेतील क्रमांक पुरेसा नाही. बारावीला ७५ टक्के गुण, किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, हेही लागते. अनुसूचित जाती-जमाती व अपंग विद्यार्थ्यांस ही मर्यादा ६५ टक्के आहे. महासाथीच्या काळात ही अट शिथिल झाली होती; २०२३ पासून ती पुन्हा लागू झाली. क्लासच्या नादात बारावीकडे पाठ फिरविणाऱ्यांनी हे विसरू नये.

मग करावे काय? आजारपण आले, घरात दुःख झाले, तर गुण घसरणारच. त्यात लाज नाही. पण गुणपत्रक पोहोचण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतः कॉलेजला सरळ पत्र लिहावे आणि शिक्षकांचा दुजोरा जोडावा. विषय सोडायचा तर आधी विचारावे. आधी सांगितलेली अडचण समजून घेतली जाण्याचा संभव असतो. मागाहून उघडकीस आलेली अडचण सबबीसारखी दिसते.

पेढे अवश्य वाटावेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक पुन्हा उघडावे, एवढेच आमचे सांगणे आहे.