पातेले कार्यालयाचे, झाकण घरचे

लायब्ररी म्हटले की आम्हाला दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आठवते. संगणकासाठी आज्ञावली लिहिणारे लोक मात्र दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. तारखांचा हिशेब किंवा यादीचा क्रम यासाठी प्रत्येकाने नव्याने डोके का खपवावे? तयार गाठोडे आणून जोडले की झाले.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत सुरुवातीला अवघे १०२४ शब्द मावत. एवढ्याशा जागेत बसणारी आज्ञावली लिहिणाऱ्याला ओळ न् ओळ ठाऊक असू शके. आज बँकेची जावा भाषेतील आज्ञावली शेकडो परक्या गाठोड्यांवर उभी असू शकते, आणि त्या गाठोड्यांनाही आणखी गाठोडी लागतात. जावात अशा गाठोड्याला ‘जार’ म्हणतात. आज्ञावली व तिच्या जार एकत्र बांधून सर्व्हरकडे, म्हणजे ती चालवणाऱ्या यंत्रणेकडे, पाठवतात.

आता यात काय बांधायचे? समजा, गिरगावात कार्यालय घेऊन लग्न करायचे आहे. किराणा आपण नेतो. मोठी पातेली कार्यालयाची असतात. तरीही कोणी घरून झाकण नेले, तर नाव ‘मोठे झाकण’च, पण ते पातेल्यावर बसत नाही! जावाचेही तसेच आहे. एकाच नावाचा वर्ग सर्व्हरच्या जारमधून आणि आपल्या जारमधून असा दोन वाटांनी आला, तर जावा ते दोन निराळे वर्ग मानते आणि एकाची वस्तू दुसऱ्याच्या जागी स्वीकारत नाही. म्हणून ‘मेव्हन’ या बांधणीच्या साधनात अशा जारपुढे ‘प्रोव्हायडेड’, म्हणजे ‘तेथे मिळेल’, असे लिहितात. तशी जार पेटीत भरली जात नाही.

एकाच जारच्या दोन आवृत्त्या पेटीत आल्या तर आणखी पंचाईत. बहुधा आधी सापडेल ती वापरली जाते. जुनी सापडली आणि हवी असलेली क्रिया तिच्यात नसली, की आज्ञावली ऐन कामात बंद पडते. घरी सारे ठीक, मांडवात फजिती!

पेटीत काय आहे याची यादी ठेवणे मोठे कंटाळवाणे, आमच्या प्रयोगशाळेच्या साहित्य-नोंदवहीइतकेच. पण डिसेंबर २०२१ मध्ये तिची किंमत कळली. ‘लॉग-फोर-जे’ ही जार आज्ञावलीचा रोजनामा लिहिते. कारकुनाला कोणी नावाऐवजी ‘अमुक पत्त्यावरून पेटी आणून उघड’ असे सांगावे आणि त्याने ते निमूटपणे करावे, तसा तिच्यात दोष निघाला. विशिष्ट घडणीचा मजकूर नोंदीत आला, की ती बाहेरच्या संगणकावरून आज्ञा आणून चालवी. गंभीरतेच्या मोजपट्टीवर दोषाला १० पैकी १० गुण मिळाले. भारतातील सर्ट-इन या संस्थेनेही सावधगिरीच्या सूचना काढल्या.

दुरुस्त आवृत्ती लगेच निघाली. पण लावायची कोठे? आपण ही जार मागितलीच नव्हती, असे अनेकांना वाटत होते. ती दुसऱ्या जारच्या पोटात आली होती. काही ठिकाणी तर तिचे वर्ग दुसऱ्या जारमध्ये असे मिसळलेले, की फाइलच्या नावावरून पत्ताच लागेना. त्यात २.१५ या आवृत्तीची दुरुस्ती अपुरी ठरली. त्याच महिन्यात २.१६ आली, मग २.१७, आणि बांधलेल्या पेट्या पुन्हा पुन्हा उघडाव्या लागल्या.